ठिपक्यांच्या रांगोळीतून लिनिअर अल्जेब्रा: आलेख वही घेऊन बसणाऱ्यांसाठी

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी एम-वनला, म्हणजे गणिताच्या पहिल्या पेपरला, माझी केटी लागली; नापास झालो. मॅट्रिक्सची (आकड्यांच्या चौकोनी तक्त्यांची) गणितं मी सोडवली होती, अगदी पानंच्या पानं भरून. कुठेतरी एक उणे चिन्ह सुटलं आणि उत्तर भलतंच आलं. पण ते भलतं आहे हे ओळखायला माझ्याकडे काही साधनच नव्हतं. पन्नास आलं काय आणि उणे पन्नास आलं काय, माझ्या डोळ्यांना दोन्ही सारखंच.

पुढे बऱ्याच वर्षांनी ऐरोलीच्या ऑफिसात मशीन लर्निंगचं काम गळ्यात पडलं आणि तीच मॅट्रिक्स पुन्हा समोर आली. योगायोगाने भाची तेव्हा नवी मुंबईतल्या एका कॉलेजात पहिल्या वर्षाला होती. रविवारी सकाळी ती नौपाड्यात आमच्याकडे यायची आणि आम्ही दोघं वही घेऊन बसायचो. खरी गंमत उमगली ती मात्र पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी. दारात गेरू सारवून भाची ठिपके काढत होती. चार ओळी झाल्या आणि आई आतून आली. "अगं, ही सरळ ठिपक्यांची नाही, मधल्या ठिपक्यांची आहे." भाचीने ठिपके पुसले, पहिली ओळ तशीच ठेवली, दुसरी अर्ध्या घराने उजवीकडे सरकवली, तिसरी आणखी अर्ध्या घराने. मग हात तसाच हवेत ठेवून माझ्याकडे बघत म्हणाली, "मामा, हे तर शिअर आहे."

होतंच. खालची ओळ जागेवर ठेवून वरच्या ओळी बाजूला सरकवत नेणं म्हणजेच शिअर. त्या संध्याकाळनंतर लिनिअर अल्जेब्रा, म्हणजे बाणांचं आणि मॅट्रिक्सचं गणित, शिकायला आम्ही जो क्रम धरला तोच इथे देतो. एका बैठकीत एकच पायरी घ्या. एक सेंटिमीटर चौकटीची आलेख वही, पट्टी, पेन्सिल आणि दोन रंगांची पेनं एवढं पुरे. जिओजेब्रा हे आकृत्या काढायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि उत्तमही आहे, पण ते चौथ्या पायरीनंतर उघडा. आधी हाताने काढलं नाही तर पडद्यावरचा बाण नुसताच सरकताना दिसतो.

शब्दांबद्दल एक गोष्ट आधीच सांगतो. व्हेक्टरला मी सदिश म्हणेन, कारण शब्द अर्थासकट येतो. डिटर्मिनंटला निश्चयक म्हणेन, कारण दहावीच्या पुस्तकात तोच आहे. मॅट्रिक्सला मात्र मॅट्रिक्सच. आव्यूह म्हटलं की मला महाभारत आठवतं.

पायरी १: बाण म्हणजे पत्ता नव्हे

वाशीत सेक्टरच्या नंबरावरून दिशा लागत नाही, हे रिक्षाने फिरलेल्या कुणालाही ठाऊक असतं. सेक्टरचा नंबर हे नुसतं नाव आहे. सदिश म्हणजे सूचना: "तीन घरं उजवीकडे, दोन घरं वर." वहीत तो (३, २) असा लिहायचा. ही सूचना कुठूनही पाळता येते, त्यामुळे वहीच्या कोपऱ्यात काढलेला (३, २) आणि मधोमध काढलेला (३, २) हा एकच सदिश.

पाच वेगवेगळ्या ठिकाणांहून (३, २) चे बाण काढा. मग (३, २) च्या टोकापासून (१, −४) काढा. पोचलात (४, −२) वर. आता क्रम उलटा करा: आधी (१, −४), मग (३, २). पुन्हा तिथेच. दोन्ही वाटा मिळून समांतरभुज चौकोन तयार झाला. तो नीट बघून ठेवा, पुढे सगळं त्याच्यावरच चालणार आहे. बाण दुप्पट केला तर दिशा तीच आणि लांबी दुप्पट. उणे एकने गुणला तर तोंड फिरलं. या पायरीत याहून जास्त काही नाही.

पायरी २: दोन बाणांनी कुठवर जाता येतं

दोन बाण घ्या: (२, १) आणि (१, २). हे दोन्ही हवे तितक्या वेळा, उलटे, अर्धेमुर्धे कसेही वापरायची मुभा आहे. पानावर कुठे कुठे पोचता येईल? दहा मिनिटं खेळा. सगळीकडे पोचता येतं हे लक्षात येईल. आता (२, १) आणि (४, २) घेऊन तोच खेळ खेळा. काहीही केलं तरी तुम्ही एकाच तिरक्या रेषेवर.

ठाणे–वाशी लोकलची लाइन जवळजवळ सरळ आहे असं क्षणभर धरा. ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे: एक गाडी धीमी असो, दुसरी तिच्या दुप्पट वेगाची असो, रुळांवरून घोडबंदरला जाता येत नाही. दुसरा बाण पहिल्याच्याच रुळावर असला की तो काही नवं देत नाही. पुस्तकात याला परावलंबी सदिश म्हणतात, आणि बाणांच्या एखाद्या संचाने जिथे जिथे पोचता येतं त्या सगळ्या प्रदेशाला स्पॅन.

ही कल्पना मुळात हर्मान ग्रासमानची. १८४४ साली त्याने यावर पुस्तक काढलं तेव्हा तो शाळामास्तर होता, आणि पुस्तकाकडे फारसं कुणी बघितलंही नाही. नंतर हा गृहस्थ संस्कृतकडे वळला आणि १८७० च्या दशकात त्याने ऋग्वेदाचा शब्दकोश तयार केला. तो कोश अभ्यासक आजही उघडतात.

पायरी ३: तिरकी जाळी

आता (२, १) आणि (१, २) यांच्या समांतर रेषा काढून पानभर तिरकी जाळी करा. कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नका. मग नेहमीच्या चौकटीतला (५, ४) हा बिंदू शोधा आणि तिरक्या जाळीवरून तिथे कसं जायचं ते मोजा. दोन वेळा (२, १), एकदा (१, २). म्हणजे नेहमीच्या भाषेतला (५, ४) हा तिरक्या भाषेत (२, १) झाला.

बिंदू जागचा हलला नाही, बदलली ती मोजायची पट्टी. अशा दोन बाणांना आधार किंवा बेसिस म्हणतात, आणि "बेसिस बदला" हा परीक्षेतला भीतिदायक प्रश्न म्हणजे एवढंच काम. हेच समीकरणांत लिहिलं तर होतं २क्ष + य = ५ आणि क्ष + २य = ४. दहावीत ही दोन समीकरणं दोन रेषा म्हणून काढली आणि त्या कुठे छेदतात ते बघितलं. इथे तोच प्रश्न वेगळा दिसतोय: दोन बाण किती किती घेतले की लक्ष्यावर पोचू? दोन्ही चित्रं खरी आहेत, पण पुढे नेणारं दुसरं.

पायरी ४: ठिपके कुठे गेले त्याची नोंद

आता मूळ मुद्दा. पानावरचे सगळे ठिपके एकदम हलवायचे आहेत, पण दोन अटींवर. आरंभबिंदू जागचा हलता कामा नये, आणि सरळ, समांतर, सारख्या अंतरावरच्या रेषा हलवल्यावरही तशाच राहायला हव्यात. या अटी पाळल्या तर प्रत्येक ठिपक्याची चौकशी करावी लागत नाही. (१, ०) कुठे गेला आणि (०, १) कुठे गेला एवढं कळलं की बाकी सगळे आपोआप ठरतात, कारण प्रत्येक ठिपका या दोघांच्याच मापाने बनलेला आहे.

या दोन उत्तरांची नोंद म्हणजे मॅट्रिक्स. पहिला स्तंभ (१, ०) चं नवं ठिकाण, दुसरा स्तंभ (०, १) चं. भाचीच्या रांगोळीत ओळीतलं अंतर तसंच राहिलं, म्हणून (१, ०) जागच्या जागी. वरची ओळ अर्धं घर सरकली, म्हणून (०, १) गेला (½, १) वर:

| १  ½ |
| ०  १ |

सरळ ठिपके आणि मधले ठिपके यांच्यामध्ये फक्त ही एक मॅट्रिक्स आहे. (२, ४) हा ठिपका कुठे जाईल? दोन वेळा पहिला स्तंभ अधिक चार वेळा दुसरा: (२, ०) + (२, ४) = (४, ४). वहीत काढून बघा.

ओळ गुणिले स्तंभ ही कॉलेजातली रीत चूक नाही, उत्तर तेच येतं. पण ती पहिल्या दिवशी शिकवणं म्हणजे पोहायला आलेल्याला पाण्याचं रसायनशास्त्र सांगण्यासारखं. आधी स्तंभ बघायची सवय लावा. महिनाभर तरी कुठलीही मॅट्रिक्स दिसली की गुणाकार करायच्या आधी तिचे दोन स्तंभ बाण म्हणून काढा.

आता या लेखाची मुख्य मॅट्रिक्स:

| २  १ |
| १  २ |

हिने (१, ०) ला (२, १) वर नेलं आणि (०, १) ला (१, २) वर. तिसऱ्या पायरीतली तिरकी जाळी हीच. पाचवी पायरी सोडली तर पुढे मुख्य उदाहरण म्हणून मी हीच वापरणार आहे. दर वेळी नवं उदाहरण घेतलं की ओळख कुठल्याच उदाहरणाशी होत नाही. हिच्यात एकच खोट आहे: ओळी आणि स्तंभ सारखेच असल्याने त्यांची अदलाबदल केली तरी चूक पकडली जात नाही. अधूनमधून रांगोळीच्या मॅट्रिक्सवरही हात चालवा, तिथे लगेच पकडली जाईल.

पायरी ५: एकामागून एक

मॅट्रिक्सचा गुणाकार म्हणजे एक हालचाल झाल्यावर दुसरी. पान डावीकडे काटकोनात फिरवा: (१, ०) जातो (०, १) वर आणि (०, १) जातो (−१, ०) वर. मग पूर्ण एक घर सरकवणारं शिअर करा: (१, ०) जागेवर, (०, १) जातो (१, १) वर.

आधी फिरवून मग सरकवलं तर (१, ०) शेवटी (१, १) वर येतो आणि (०, १) येतो (−१, ०) वर. आधी सरकवून मग फिरवलं तर ते येतात (०, १) आणि (−१, १) वर. दोन वेगळी चित्रं. गुणाकाराचा क्रम बदलला की उत्तर बदलतं हा नियम पाठ करायची गरजच उरत नाही. आधी मोजे मग बूट, इतका तो उघड आहे. लिहिताना मात्र आधीची हालचाल उजवीकडे येते आणि वाचायचं उजवीकडून डावीकडे. याची सवय व्हायला वेळ लागतो. मी अजूनही चुकतो.

पायरी ६: निश्चयक म्हणजे क्षेत्रफळ

दहावीत निश्चयक आला तो तिरक्या गुणाकारांच्या वजाबाकीच्या रूपात: २ × २ वजा १ × १, उत्तर ३. तीन काय? रुपये, मीटर, गुण? मी तेव्हा विचारलं नाही, आणि कुणी आपणहून सांगितलंही नाही.

(०, ०), (२, १), (३, ३), (१, २) हे चार बिंदू जोडा. मूळ एक घराचा चौकोन मॅट्रिक्सने या समांतरभुज चौकोनात बदलला. त्याचं क्षेत्रफळ काढा. भोवती तीन बाय तीनची चौकट आखा, म्हणजे नऊ. बाहेर उरले दोन कोपऱ्यांतले एकेक घराचे चौकोन आणि चार त्रिकोण, प्रत्येकी एक क्षेत्रफळाचे. नऊ वजा सहा, तीन. पानावरचा कुठलाही आकार या मॅट्रिक्सने तिप्पट होतो, मग तो गोल असो, कोयरी असो की स्वस्तिक.

ठिपके मोजूनही हे करता येतं, आणि मला ती रीत जास्त आवडते. १८९९ साली गेओर्ग पिक या गणितज्ञाने दाखवलं की ज्या सरळ बाजूंच्या बंद आकाराचे कोपरे ठिपक्यांवर आहेत (आणि मधे भोक नाही), त्याचं क्षेत्रफळ म्हणजे आतले ठिपके, अधिक कडेवरच्या ठिपक्यांची निमपट, वजा एक. आपल्या चौकोनात आत दोन ठिपके आहेत, (१, १) आणि (२, २). कडेवर फक्त चार कोपरे. दोन अधिक दोन वजा एक: तीन. भाचीने हे आधी दारातल्या रांगोळीवर करून बघितलं आणि मगच मान्य केलं. "आजी, तुझ्या कासवाचं क्षेत्रफळ साडेअकरा आहे," हे वाक्य आमच्या घरात त्याआधी कुणी उच्चारलं नव्हतं.

मधल्या ठिपक्यांच्या मॅट्रिक्सचा निश्चयक येतो एक. म्हणजे ओळी सरकल्या, घरं तिरकी झाली, पण क्षेत्रफळ तेच. दारासमोर तेवढ्याच जागेत तेवढेच ठिपके बसतात. वह्यांचा गठ्ठा बाजूने ढकलला तर तिरका होतो, पण पानं काही कमी होत नाहीत, तसंच.

उणे क्षेत्रफळ म्हणजे काय? स्तंभांची अदलाबदल करा, (१, २) आधी आणि (२, १) नंतर. निश्चयक उणे तीन. आकार तेवढाच, पण पान पालथं झालं. रुग्णवाहिकेच्या तोंडावर अक्षरं उलटी लिहिलेली असतात ना, तसं. बटर पेपरवर बाण काढून कागद उलटा धरला की हे हातालाच कळतं.

आणि शून्य? (२, १) आणि (४, २) हे स्तंभ घ्या. निश्चयक २ × २ वजा ४ × १, शून्य. पानभर पसरलेले ठिपके एका रेषेवर येऊन पडले. केरसुणीने रांगोळी एका रेघेत लोटली. आता कुठला कण कुठून आला हे परत सांगता येईल का? नाही. अशा मॅट्रिक्सला इन्व्हर्स, म्हणजे सगळं परत मूळ जागी नेणारी उलट मॅट्रिक्स, नसतो, तो याच कारणाने. लोटल्यावर किती मिती उरल्या ती संख्या म्हणजे रँक. उरलेली रेघ एकमितीय, म्हणून रँक एक.

माझ्या केटीच्या पेपरात माझ्याकडे नव्हतं ते हे. दोन्ही बाण एकमेकांच्या अगदी जवळ झुकलेले दिसतायत आणि निश्चयक पन्नास आला, तर पेन खाली ठेवून पुन्हा मोजायचं.

पायरी ७: क्रेमरची पद्धत, या वेळी चित्रासकट

दहावीच्या पहिल्याच प्रकरणात ती आहे. जिनिव्हाच्या गॅब्रिएल क्रेमरने ती १७५० साली छापली, मॅट्रिक्स हा शब्द इंग्रज गणितज्ञ सिल्व्हेस्टरने वापरात आणला त्याच्या शंभर वर्षं आधी. समीकरणं आपलीच:

२क्ष + य = ५
क्ष + २य = ४

मूळ निश्चयक ३. पहिल्या स्तंभाच्या जागी (५, ४) ठेवला तर निश्चयक ५ × २ वजा १ × ४, म्हणजे ६. म्हणून क्ष = ६ भागिले ३ = २. दुसऱ्या स्तंभाच्या जागी ठेवला तर २ × ४ वजा ५ × १, म्हणजे ३; य = १. उत्तर बरोबर. पण स्तंभ बदलून भागाकार केला की उत्तर का यावं?

वहीत (१, २) हा बाण काढा. हा चौकोनाचा पाया. मूळ चौकोनात त्याच्यासोबत (२, १) आहे, क्षेत्रफळ तीन. आता (२, १) ऐवजी त्याची दुप्पट घ्या, (४, २). पाया तोच, उंची दुप्पट, क्षेत्रफळ सहा. आता (४, २) चं टोक पायाच्या समांतर एक पाऊल सरकवा, म्हणजे त्यात (१, २) मिळवा. टोक आलं (५, ४) वर. पाया बदलला नाही, उंची बदलली नाही, म्हणजे क्षेत्रफळ अजून सहाच. वह्यांचा गठ्ठा पुन्हा ढकलला, इतकंच.

म्हणजे (५, ४) आणि (१, २) यांच्यामधलं क्षेत्रफळ हे (२, १) किती वेळा घेतलाय तेच सांगतं. (१, २) किती वेळा घेतला याचा त्यावर काही परिणाम होत नाही. सहा भागिले तीन, दोन वेळा. य साठी हाच खेळ दुसऱ्या बाजूने. हे चित्र तीन वेळा स्वतः काढा. चौथ्या वेळी सूत्र आठवायची गरज पडणार नाही.

खालचा निश्चयक शून्य झाला तर? दोन्ही बाण एकाच रुळावर. लक्ष्य त्या रुळावर असेल तर पोचायच्या वाटा अगणित, घोडबंदरला असेल तर एकही नाही.

पायरी ८: न वळणारे बाण

आयगेनव्हेक्टर हे नाव ऐकूनच निम्मा वर्ग सुटतो. नाव बाजूला ठेवा. वेगवेगळ्या दिशांना आठ-दहा बाण काढा आणि प्रत्येकाला आपल्या मॅट्रिक्समधून पाठवा. (१, ०) गेला (२, १) वर: वळला. (२, १) गेला (५, ४) वर: थोडा वळला. (१, १) गेला (३, ३) वर: वळला नाही, तिप्पट झाला. (१, −१) गेला (१, −१) वर: जसाच्या तसा.

सगळं पान ताणलं जात असताना या दोन दिशा आपल्या रेषेवर टिकून राहिल्या. तीन आणि एक या त्यांच्या आयगेनव्हॅल्यू. गुणाकार तीन, म्हणजे निश्चयक. योगायोग नव्हे: एका दिशेने तिप्पट ताण, दुसऱ्या दिशेने काही नाही, तर क्षेत्रफळ तिप्पटच होणार. पान पंचेचाळीस अंशांत फिरवून बघा, ही अवघड वाटणारी मॅट्रिक्स म्हणजे एका बाजूने ओढलेलं रबर आहे.

दोन्ही दिशा एकमेकींना काटकोनात आहेत हे तपासायचं असेल तर डॉट गुणाकार करा: १ × १ अधिक १ × (−१), शून्य. डॉट गुणाकार म्हणजे एका बाणाची दुसऱ्यावर पडणारी सावली, गुणिले दुसऱ्याची लांबी. सावली शून्य म्हणजे काटकोन.

चित्रं कुठे थांबतात तेही सांगायला हवं. तीन मितींत निश्चयक घनफळ होतो, तिथवर डोळा चालतो. माझ्या कामात सदिशांना शेकडो निर्देशक असतात, आणि तेवढ्या मिती कुणालाच दिसत नाहीत. तिथे ओळींची वजाबाकी करत नेणारी गाउसची पद्धत हाताला बसलेली असावी लागते. ती या आठ पायऱ्यांनंतर शिका. प्रत्येक वजाबाकी हे एक शिअर आहे, हे मग दिसू लागतं.

पुढच्या रविवारसाठी भाचीला दिलेला गृहपाठ तुम्हीही करा. (३, १) आणि (१, १) हे स्तंभ घ्या. सूत्र न वापरता, फक्त ठिपके मोजून निश्चयक काढा. आत एकच ठिपका सापडायला हवा, आणि तोही बरोब्बर मधोमध.